हाक पोहोचली नाही तर...

रेडिओच्या मायक्रोफोनसमोर बसलं की मला एक होडी आठवते. ज्या लहरींवर स्वार होऊन माझा आवाज तुमच्या घरात येतो, त्याच कुळातल्या लहरींनी सव्वाशे वर्षांपूर्वी ती होडी डावी-उजवीकडे वळवली होती. तेव्हा रेडिओ नव्हता. बातम्या नव्हत्या, भावगीतं नव्हती, शेतकरी बांधवांसाठीचा कार्यक्रम नव्हता. बिनतारी लहरींवरून माणसाचा आवाज जायला अजून अवकाश होता. पण काठावर उभ्या असलेल्या माणसाची इच्छा मात्र त्या लहरींवरून पाण्यात पोहोचली होती. म्हणजे आवाजाच्या आधी आज्ञा गेली.

त्या होडीच्या वंशाची हकिगत आज सांगायची आहे. या वंशाच्या पुढे दोन शाखा झाल्या. एक शाखा लढाईवर गेली. दुसरी तळ्याकाठी खेळत राहिली आणि खेळता खेळता ताशी पन्नास-साठ मैल वेगाने पळू लागली. मी कवी माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं, तेही मराठी घेऊन. इंजिनातलं जे कळतं ते विचारून विचारून कळलेलं. पण या दोन शाखांमध्ये जो फरक आहे तो समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

साल १८९८. अमेरिका आणि स्पेन यांचं युद्ध पेटलेलं. फेब्रुवारीत हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली होती आणि वर्तमानपत्रं नुसती धगधगत होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं. तिथे निकोला टेस्ला नावाच्या शास्त्रज्ञाने पाण्याचा एक हौद मांडला आणि त्यात चारेक फूट लांबीची लोखंडी होडी सोडली. आत बॅटरी, मोटर, मागे पंखा आणि सुकाणू, वर छोटे दिवे. होडीला दोरी नाही, तार नाही. टेस्ला दूर उभा राहून एका पेटीवरची मूठ फिरवायचा आणि होडी वळायची. लोकांना खरं वाटेना. कुणी म्हणालं, आत शिकवलेलं माकड बसवलंय. कुणी म्हणालं, हा मनाच्या शक्तीचा खेळ आहे. टेस्लालाही थोडी गंमत करायची लहर आली. तो प्रेक्षकांना म्हणायचा, होडीला काहीही विचारा. कुणी तरी विचारलं, चौसष्टचं घनमूळ किती? होडीवरचे दिवे चार वेळा लुकलुकले.

आत माकड नव्हतं. काचेची एक नळी होती, तिच्यात धातूचा कीस. फ्रान्सच्या एदुआर ब्रान्ली यांनी १८९० मध्ये दाखवून दिलं होतं, की असा कीस एरवी वीज वाहू देत नाही. पण विद्युत्-लहरींचा धक्का बसला की त्याचे कण एकमेकांना बिलगतात आणि वीज वाहू लागते. अडचण एकच. एकदा बिलगलेले कण आपणहून सुटत नाहीत. नळीला टिचकी मारावी लागते. टेस्लाने त्यावर तोड काढली. प्रत्येक संदेशानंतर नळी आपोआप उलटायची आणि कीस मोकळा व्हायचा. पुढचा संदेश ऐकायला कान पुन्हा तयार. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी याच सुमारास, १८९५ मध्ये, कोलकात्यात बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून आणि दारू उडवून दाखवली होती. घंटा आणि दारू! पहिल्याच प्रयोगात दोन्ही वाटा दिसतात. एक बोलावणारी, एक उडवणारी.

टेस्लाला ८ नोव्हेंबर १८९८ रोजी या शोधाचं पेटंट मिळालं. क्रमांक ६१३,८०९. त्याच्याच आठवणींनुसार पेटंट कचेरीतल्या मुख्य परीक्षकाला कागदावरचं वर्णन पटेना. तो स्वतः न्यूयॉर्कला येऊन होडी बघून गेला आणि मगच पेटंट निघालं. त्या पेटंटच्या मजकुरात टेस्लाने उपयोगांची यादी दिली आहे. सामान नेता येईल, दुर्गम जागी पोहोचता येईल, व्हेल माशांची शिकार करता येईल. पण सगळ्यात मोठा उपयोग त्याला युद्धात दिसत होता. त्याचा युक्तिवाद असा, की या यंत्राने होणारा संहार इतका अटळ आणि अमर्याद असेल, की राष्ट्रं युद्धच करेनाशी होतील आणि कायमची शांतता नांदेल. टेस्ला दुष्ट माणूस नव्हता. शहाणी माणसं शस्त्राविषयी असा हिशेब मांडतात, तेव्हा तो कागदावर नेहमी बरोबरच येतो.

दोन वर्षांनी, १९०० मध्ये, एका मासिकातल्या दीर्घ लेखात टेस्लाने आणखी एक गोष्ट लिहिली. आजच्या या होडीचं मन उसनं आहे, ते चालवणाऱ्याचं आहे. पण पुढे अशी यंत्रं होतील ज्यांना स्वतःचं मन असेल आणि ती कुणी न सांगता काय करायचं ते ठरवतील. हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

पुढची दोन चित्रं भरभर बघू. पहिलं स्पेनमधलं. १९०६ साली बिल्बावच्या बंदरात तोरेस केवेदो या अभियंत्याने राजा तेरावा आल्फान्सो याच्यासमोर किनाऱ्यावरून एक होडी बिनतारी चालवून दाखवली. टाळ्या झाल्या, पैसा पुढे आला नाही. दुसरं चित्र बेल्जियमच्या किनाऱ्याजवळचं, २८ ऑक्टोबर १९१७. जर्मन नौदलाची एक वेगवान होडी, आत स्फोटकं भरलेली, माणूस एकही नाही. तिच्यामागे लांबलचक तार सुटत जाते आहे आणि किनाऱ्यावरचा माणूस त्या तारेतून तिला हाकतो आहे. ‘एरेबस’ या ब्रिटिश युद्धनौकेवर ती जाऊन आदळली. नौका बुडाली नाही, जबर जखमी झाली. लढाईच्या शाखेचा तो जन्मदिवस म्हणायला हरकत नाही. या होडीचा एक गुण पाहा. तिला परत यायचं नव्हतं. त्यामुळे परत येण्यासाठी जे जे लागतं, ते तिच्यात कुणी बसवलंच नव्हतं.

आता तळ्याकाठी येऊ. लंडनच्या पूर्व भागात व्हिक्टोरिया पार्क नावाची मोठी बाग आहे. तिथे १९०४ साली वाफेवर चालणाऱ्या छोट्या होड्यांच्या हौशी मंडळींनी क्लब काढला. १९२४ मध्ये इंग्लंडभरच्या अशा क्लबांची मध्यवर्ती संघटना झाली. या होड्या सुरुवातीला सरळ सोडायचे. पलीकडच्या काठावर कुणी तरी धरायला उभा. मग पेट्रोलची इंजिनं आली, वेग वाढला आणि धरणाऱ्याच्या पायांची चिंता वाटू लागली. तेव्हा तळ्याच्या मधोमध खांब रोवून त्याला पोलादी तारेने होडी बांधू लागले. तेलाच्या घाण्याभोवती बैल फिरतो तशी होडी त्या खांबाभोवती फिरायची, फक्त बैलाच्या कैकपटींनी जोरात. वेग मिळाला, पण वळण हरवलं. इंजिन थांबवायचं तर काठावरून काठी पुढे करून होडीवरचा खटका पाडायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओ खेळाच्या होडीत शिरला. आधी व्हॉल्व्हचा, नंतर ट्रान्झिस्टरचा. सुरुवातीच्या संचांना एकच बटण असायचं. होडीत पिळलेला रबर असायचा. बटण दाबलं की त्याचा पीळ एक टप्पा सुटायचा आणि सुकाणू डावीकडे जायचं, दोनदा दाबलं की उजवीकडे. बोट उचललं की सुकाणू मधोमध. म्हणजे सरळ. आता विचार करा, संदेश जाणंच बंद झालं तर? होडी सरळ जायची, पूर्ण वेगात, इंधन संपेपर्यंत किंवा समोरचा काठ येईपर्यंत. खेळाच्या शाखेला हा प्रश्न पहिल्या दिवसापासून छळत होता: हाक पोहोचली नाही तर होडीने काय करावं?

दुसरी अडचण हाका एकमेकींत मिसळण्याची. सगळ्यांचे संच ठरावीक कंपनसंख्यांवर चालायचे. तुमच्या आणि माझ्या संचाची कंपनसंख्या एकच असेल आणि मी माझा संच सुरू केला, तर तुमची होडी माझं ऐकणार. यावर क्लबांनी जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. काठावर एक लाकडी फळी. तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे, प्रत्येक चिमट्यावर एकेका कंपनसंख्येचा आकडा. ज्याच्याकडे चिमटा, त्यालाच संच सुरू करायची परवानगी. खेळून झालं की चिमटा फळीवर परत. ना पोलीस, ना कायदा. दोन पैशांच्या चिमट्यावर भर पाण्यातली शिस्त चालायची. पुढे २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. ते आपली आपण मोकळी जागा शोधतात आणि प्रत्येक संच फक्त आपल्याच होडीशी बोलतो. चिमट्यांची गरज हळूहळू संपली.

इंजिनाची कथा याहून सुरस आहे. पेट्रोलच्या छोट्या इंजिनाला ठिणगी लागायची, ठिणगीला कॉइल, कॉइलला बॅटरी. होडीच्या अर्ध्या वजनाचं तेच लटांबर. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या रे आर्डन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि हे सगळं ओझं उतरलं. ग्लो प्लग म्हणजे प्लॅटिनमच्या बारीक तारेचं वेटोळं. दीड व्होल्टच्या बॅटरीने ते एकदा लाल करायचं, इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून घ्यायची. नंतर ते लालच राहतं. का? हंफ्री डेव्हीने १८१७ मध्येच पाहिलं होतं, की ज्वलनशील वायू आणि हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तापलेली तार धरली तर ती ज्योतीशिवाय तेवत राहते. वायू तिच्या पृष्ठभागावर जळत राहतो आणि तार धगधगत ठेवतो. मिथेनॉलच्या वाफेचं प्लॅटिनमशी असंच सख्य आहे. शिवाय सिलिंडरमधल्या दाबाची ऊब असतेच. शंभराहून अधिक वर्षं एक निरीक्षण प्रयोगशाळेत पडून राहिलं आणि शेवटी खेळण्यात कामी आलं.

या होड्यांचं इंधन पेट्रोल नव्हे. निम्म्याहून थोडं जास्त मिथेनॉल, सुमारे पाचवा हिस्सा तेल आणि उरलेलं नायट्रोमिथेन. हे नायट्रोमिथेन १८७२ सालापासून रसायनशास्त्राला माहीत आहे. त्याची खुबी अशी, की ते आपला प्राणवायू काही प्रमाणात बरोबर घेऊन येतं. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साडेचौदा किलोंच्या वर हवा लागते. मिथेनॉलला साडेसहा किलोंच्या आसपास. नायट्रोमिथेनला दोन किलोही नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा मावते ती मोजकीच. तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता आलं, तर ताकद वाढणारच. प्रवासाला निघताना शिदोरी बांधून घेणाऱ्यासारखं हे रसायन आहे. पण शिदोरीत आग असते. १९५८ साली अमेरिकेत नायट्रोमिथेनने भरलेल्या रेल्वेच्या टाक्यांचे दोन भीषण स्फोट झाले, तोवर त्याला साधा द्रावक समजत असत. युरोपीय संघाने स्फोटकांच्या कच्च्या मालावर नियम केले, तेव्हा त्यांत नायट्रोमिथेनही आलं. २०१३ च्या नियमात परवान्याशिवाय ३० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाला मुभा होती. २०१९ च्या नियमाने ती मर्यादा १६ टक्क्यांवर आणली. म्हणजे दोन शाखा एकाच घागरीतलं पाणी पितात, हे सरकारी कागदावरही नोंदलेलं आहे.

आणि तेल कुठलं? एरंडेल! आपल्याकडे एरंडाला कोण विचारतं? ‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हणतो आपण. आणि निरर्थक चर्चेला एरंडाचं गुऱ्हाळ. पण एरंडेल मिथेनॉलमध्ये छान मिसळतं आणि धातू भयंकर तापला तरी त्याचा पातळ थर पृष्ठभागाला घट्ट धरून राहतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं एरंडेलावरच चालत. तेव्हा अमेरिकेने एरंडाची लागवड करायला हिंदुस्थानातून बी मागवलं होतं. ‘कॅस्ट्रॉल’ हे १९०९ पासूनचं नावही ‘कॅस्टर’, म्हणजे एरंड, या शब्दावरूनच आलं. आजही जगात एरंडाचं सर्वांत मोठं पीक भारतात होतं, त्यातही गुजरातेत. लहानपणी ज्या चमच्यापासून आपण पळत होतो, तोच चमचा घेऊन ही इंजिनं मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेतात.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं ते २००९ साली. माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. त्याला हे वेड तिथे लागलं. साडेतीन फुटांची होडी, साडेसात सी.सी.चं इंजिन. शनिवारी रात्री जेवण झाल्यावर त्याने ती टेबलावर घेतली आणि मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. रविवारी तळ्यावर जायचं होतं, पण मला वाटतं खरी होडी त्या रात्रीच चालली.

आधी पंखा. पितळेसारखा दिसणारा, दोन पात्यांचा, तळहातावर मावेल एवढा. तो त्याने दांडीवर घालून अलगद सोडला. एक पातं खाली झुकलं. म्हणजे ते जड. कानशीने त्या पात्याची पाठ घासायची, पुन्हा सोडायचं, पुन्हा घासायचं. दोन्ही पाती आडवी थांबेपर्यंत. ही पाती पाण्यात अर्धीच बुडालेली असतात, अर्धी वर. पाणी कापत कापत होडीला ढकलतात. मग दांडा. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा हा दांडा सरळ लोखंडी नसतो, पिळाच्या तारांचा लवचीक असतो. त्याला ग्रीस फासलं आणि पंख्यापाशी दोन-तीन मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवली. जोर आला की तारांचा पीळ आवळतो आणि दांडा आखूड होतो. फट नसेल तर तो अडकतो. नंतर तोल. दोन बोटांवर होडी उचलली. मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण तीस टक्क्यांवर ती समतोल राहिली पाहिजे. पुढे जड झाली तर नाक पाण्यात खुपसते, मागे जड झाली तर वाऱ्यावर उलटते.

मग त्याने खिशातून लहान मुलांचा फुगा काढला. मी म्हटलं, “हे रे काय?” तर रेडिओचा ग्राहक त्याने त्या फुग्यात घातला, तोंड बांधलं. पाणी शिरू नये म्हणून. हजारो रुपयांच्या यंत्राचं रक्षण आठ आण्यांचा फुगा करत होता. होडीच्या पोकळीत फोमचे तुकडे कोंबले. उलटली तरी बुडू नये म्हणून.

सगळ्यात शेवटी त्याने एक काम केलं ते मला समजलं नाही. इंजिनाचा थ्रॉटल मिटला, ग्राहकावरचं एक बटण दाबून धरलं, संच बंद केला, चालू केला, बंद केला. मी विचारलं. तो म्हणाला, “मामू, हे तिला शिकवून ठेवतोय. माझी हाक तुझ्यापर्यंत आली नाही, तर थ्रॉटल मिटायचा आणि गप उभं राहायचं.”

यालाच फेलसेफ म्हणतात. ताशी साठ मैल म्हणजे सेकंदाला अठ्ठ्याऐंशी फूट. तीन सेकंद हाक तुटली की होडी ऐंशी मीटर गेलेली असते. तेवढ्या अंतरात माणसं उभी असू शकतात.

सकाळी तळ्यावर थंडी मी म्हणत होती. पट्टा लावून फ्लायव्हील फिरवलं, इंजिनाने असा टाहो फोडला की झाडावरचे पक्षी उडाले. कानांवर झाकणं चढवली. एकाने होडी दोन्ही हातांनी पाण्यावर आडवी धरली आणि सपाट फेकली. भाच्याने ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हणून संच हाती घेतला. होडी धुराची पांढरी रेघ सोडत गेली. आवाज जाड, घोगरा. म्हणजे मिश्रणात इंधन जास्त. पहिल्यांदा असंच ठेवतात. जास्त इंधन म्हणजे जास्त तेल, इंजिन थंड राहतं. मग सुईची झडप थोडी आवळायची, पुन्हा सोडायची. आवाज मोकळा, तार सप्तकात जातो. लोभ धरून आणखी आवळली तर मात्र इंजिन तापून पिस्टन जाम.

मी आवाजातच रमलो होतो. तो म्हणाला, “मामू, आवाज नका ऐकू, पाणी बघा.” होडीच्या कुशीतून पाण्याची एक बारीक पिचकारी उडत होती. पंख्यामागे बसवलेली नळी तळ्याचं पाणी वेगाच्या दाबाने आत घेते, ते इंजिनाच्या डोक्याभोवती फिरतं आणि बाहेर पडतं. पिचकारी थांबली की समजायचं, इंजिन भाजतंय.

प्रत्येक फेरीनंतर प्लग काढून भिंगाखाली. तार ओली चकचकीत असेल तर इंधन जास्त. करडी, मंद असेल तर बरोबर. वेडीवाकडी झाली असेल तर कमी. होडी डावी-उजवीकडे झोकांड्या खात होती, म्हणून पंख्याच्या आधाराचा कोन जेमतेम एक अंश बदलला. त्याच्या वहीत प्रत्येक फेरीची नोंद. आणि एक नियम: एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर होडी सुधारेल किंवा बिघडेल, पण कशामुळे ते कधीच कळणार नाही. कविता दुरुस्त करणाऱ्यांनीही हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

पाचव्या का सहाव्या फेरीत होडी पलीकडच्या वळणावर गेली आणि एकाएकी आवाज पडला. भाच्याने दोन्ही हात वर केले, मी काही केलेलं नाही, अशा अर्थी. होडीने वेग टाकला, नाक खाली आणलं आणि ती शांत डुलत राहिली. तिच्यापासून जेमतेम वीस हातांवर काठावर एक बाई आपल्या नातवाला बदकं दाखवत होती. तिने मान वर करून पाहिलंही नाही. तिला कळलंच नाही की काय घडलं नाही.

क्लबची वल्ह्याची नाव नेऊन होडी आणली. झाकण उघडलं. ॲन्टेनाची तार आपल्या नळीतून घसरून तळाशी साचलेल्या पाण्यात पडली होती. या लहरी पाण्यातून जात नाहीत. हाक तुटली होती आणि होडीने रात्री शिकवलेलं केलं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्यात ही टाळ्या वाजवण्याची गोष्ट नाही, रीतच आहे. तार जागेवर चिकटवली, टाकीतलं इंधन रिकामं केलं, गंज चढू नये म्हणून इंजिनात तेल सोडलं आणि मंडळी चहाला गेली.

लढाईची शाखा मात्र थांबलेली नाही. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी काळ्या समुद्रात सेवास्तोपोलच्या बंदरावर स्फोटकं भरलेल्या बिनमाणसाच्या होड्या चालून गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच होड्यांनी ‘इवानोवेत्स’ ही रशियन युद्धनौका बुडवली. मी इथे कुणाच्या बाजूने न्याय करायला बसलेलो नाही. ज्याच्या देशावर फौज चालून आली त्याने काय वापरावं, हे दूर बसून सांगणं सोपं असतं. मला बोलायचंय ते होडीविषयी. टेस्लाने ज्या संहारातून कायमची शांतता येईल म्हटलं होतं, ती शांतता सव्वाशे वर्षांत आली नाही. होडी मात्र तो म्हणाला तशीच आली.

आणि त्याचं ते दुसरं भाकीतही दाराशी आलं आहे. रणांगणावर शत्रू बिनतारी संदेश अडवतो, गोंगाट करून हाक बुडवतो. त्यावर उपाय काय? शस्त्र बनवणारे म्हणतात, यंत्रालाच स्वतःचं मन द्या. हाक पोहोचली नाही तरी त्याने लक्ष्य ओळखावं, ठरवावं आणि पुढे जावं. हा फेलसेफच आहे, पण उलटा. भाच्याने होडीला शिकवलं होतं, माझा आवाज आला नाही तर थांब. इथे शिकवतात, आवाज आला नाही तरी थांबू नकोस. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी २०२३ साली सगळ्या राष्ट्रांना आवाहन केलं, की माणसाच्या ताब्याशिवाय चालणाऱ्या अशा शस्त्रांना बंदी घालणारा करार २०२६ पर्यंत करावा. मोठी राष्ट्रं व्याख्यांवर वाद घालत बसली. एरंडाचं गुऱ्हाळ, दुसरं काय!

हौशी माणसांची तळी जगाच्या राजकारणात मोजली जात नाहीत. पण त्या काठांवर शंभर वर्षांत जे ज्ञान साठलं, ते मला लहान वाटत नाही. आपली वस्तू आपल्या हातातून सुटून दूर जाणार आहे, तर सुटण्याआधी तिला काय शिकवायचं, हे तिथली माणसं आदल्या रात्री टेबलावर बसून ठरवतात. तोल बघतात, चिमटा घेतात, वहीत लिहितात, वल्ह्याची नाव तयार ठेवतात. त्यांच्या सगळ्या खटपटीला एक गोष्ट गृहीत असते: होडी परत आणायची आहे आणि काठावरच्या बाईला, तिच्या नातवाला आणि बदकांना काही होता कामा नये. कराराच्या मेजाभोवती बसणाऱ्यांनी एखाद्या रविवारी अशा तळ्यावर जाऊन उभं राहावं. इंजिनांचा आवाज फार असतो, बोलता येत नाही. नुसतं बघावं लागतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)